सायडिंगच्या देखभालीचं सॉफ्टवेअर : ११ महिने वापरून, साडेतीन तारे

पहिल्या दिवशी आमची अख्खी सायडिंग, म्हणजे कारखान्यात जाणारी खासगी रेल्वेलाईन, लाल झाली. कचेरीतल्या पडद्यावर १४ किलोमीटर लाईन, १८ पॉइंट (गाडी एका लाईनीवरून दुसरीवर वळते त्या जागा), २ वळणं, सगळं लालभडक आणि प्रत्येक नोंदीखाली तसलाच शेरा : गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २४० मिलिमीटरच्या आसपास जास्त. गेज खरंच एवढं सुटलं असतं तर इंजिन रुळांवर नाही, रुळांच्या मधे गिट्टीत बसलेलं सापडलं असतं. कारखान्याचे मॅनेजर धावत माझ्याकडे आले. मी कागदावर वजाबाकी करून दाखवली. १६७६ वजा १४३५, उरले २४१. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतलं १४३५ मिलिमीटरचं गेज आत बसवून ठेवलं होतं, आणि आपली ब्रॉडगेज १६७६ ची. एक आकडा बदलला आणि सायडिंग हिरवी झाली.

म्हणजे अर्धीच झाली. काँक्रीट स्लीपरवर (स्लीपर म्हणजे रुळांखालचा आडवा आधार) आपल्याकडे गेज मुळातच १६७३ धरतात, त्यामुळे जिथे जिथे काँक्रीट आहे तिथे '३ मिलिमीटर कमी' म्हणून पिवळं. उलट जुन्या लोखंडी स्लीपरांचा शंटिंगचा तुकडा, ज्याची मला खरी काळजी आहे, तो मात्र हिरवागार. दोन प्रकारच्या स्लीपरांना दोन वेगळी मापं लावून द्यायला कंपनीला पाच आठवडे लागले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. करारात तसं कलम आहे आणि कारखान्याच्या मालकांनाही ते नको आहे. ज्यांच्याकडे सायडिंग आहे त्यांना अशी चार-पाच सॉफ्टवेअर दाखवायला लोक येतातच. तेव्हा काय विचारायचं ते यातून कळलं तरी पुरे.

आधी मी कोण ते सांगतो. रेल्वेत पी-वेत, म्हणजे रुळांच्या देखभालीत, ३३ वर्षं काढली. लागलो तेव्हा पदाला पीडब्ल्यूआय (पर्मनंट वे इन्स्पेक्टर) म्हणत, निवृत्त झालो तेव्हा सीनियर सेक्शन इंजिनिअर. पाटी बदलली, ट्रॉली तीच राहिली. शेवटची ९ वर्षं वर्धा-बल्लारशाह भागात गेली. आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याची खासगी सायडिंग सांभाळणाऱ्या ठेकेदाराकडे सल्लागार आहे. सल्लागार हा शब्द कागदावर; प्रत्यक्षात सकाळी साडेपाचला बूट घालून लाईनीवर. सायडिंग म्हणजे रेल्वेच्या स्टेशनातून फुटून कारखान्यात जाणारी लाईन. तिची देखभाल मालकाच्या खर्चाने आणि रेल्वेच्या देखरेखीखाली चालते. आमच्याकडे कोळशाच्या ५८-५९ वाघिणींची रेक आत येते आणि रिकामी होऊन बाहेर जाते. एक वाघीण घसरली की मागची रेक अडते, डॅमरेजचा, म्हणजे वाघिणी अडकवून ठेवल्याच्या दंडाचा, मीटर सुरू होतो आणि सगळ्यांना अचानक माझा फोन नंबर आठवतो.

रेल्वेत असताना टीएमएसवर, म्हणजे रुळांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीवर, काम केलं होतं. ती क्रिसने (रेल्वेच्याच संगणक संस्थेने) रेल्वेसाठीच तयार केलेली, घरची वस्तू. बाजारात जाऊन विकत घ्यायची नाही. तिच्यामुळे संगणकाची भीती मोडलेली होती, म्हणून ठेकेदाराने 'घ्यायचं का?' विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. वर्षाला १ लाख ८० हजार, वर जीएसटी, वर ५ फोन.

आता मुद्द्याचं. मला विचाराल तर या पैशांतले निम्मे एकाच बटणाचे आहेत. त्या बटणावर 'ठिकाणानुसार' असं लिहिलंय.

आमच्या वह्या तारखेप्रमाणे चालतात. गँगची डायरी, माझी तपासणीची वही, रोज लाईन चालत तपासणाऱ्या कीमॅनची वही, सगळ्यांत वर तारीख आणि खाली काम. १२ तारखेला २ नंबर लाईन, किलोमीटर अमुक, जोड पॅकिंग केला, म्हणजे स्लीपरखाली गिट्टी ठोकून बसवली. पुढे २९ तारखेला तोच जोड, पण मधे सतरा पानं उलटलेली. तिसऱ्या वेळेला वहीच नवीन. मुकादमाला आठवतं, पण मुकादम रजेवर असतो. रूळ काही तारखेप्रमाणे पसरलेला नाही, तो किलोमीटरप्रमाणे पसरलेला आहे, आणि ३३ वर्षं मी वह्या मात्र तारखेप्रमाणे लिहिल्या.

गेल्या नोव्हेंबरात सहज ते बटण दाबलं. २ नंबर लाईनीवर, वाघिणी रिकाम्या करतात त्या टिपलरच्या अलीकडे, एकाच जागी सात पिवळे ठिपके एकावर एक बसलेले. सात वेळा पॅकिंग, साडेचार महिन्यांत. प्रत्येक वेळेस चौघा-पाच जणांची अर्धी पाळी. सातही नोंदींखाली 'काम पूर्ण', सातही हिरव्या. दुसऱ्या दिवशी मुकादमाला घेऊन तिथे उकिडवा बसलो. रेक जात होती. चाक जोडावर आलं की स्लीपर बोटभर खाली जायचा आणि गिट्टीतून राखाडी चिखलाची पिचकारी. चाक पुढे गेलं की स्लीपर वर. आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी स्लीपरखाली गिट्टी कोंबत होतो आणि खालची काळी माती ती गिळत होती. पाणी जात का नव्हतं? कडेची नाली कोळशाच्या भुकटीने काठोकाठ भरून वर गवत उगवलेलं. लांबून बघितलं तर नाली आहे हेही कळणार नाही.

नाली मोकळी केली. ३० मीटर गिट्टी उपसून, चाळून, नवी मिसळून परत भरली. जोडाच्या दोन्ही अंगांचे स्लीपर बदलले. त्यानंतर आजपर्यंत तिथे एकदाच हात लावावा लागला. हे ज्ञान काही सॉफ्टवेअरने दिलं नाही. जोड चिखल ओकतो म्हणजे खाली पाणी आहे, हे गँगमधल्या पोरालाही माहीत असतं. पण सात वेळा तिथेच हे मला आकड्याने कुणी सांगितलं नव्हतं. आणि आकड्याशिवाय मालकांकडून नालीचे पैसे सुटले नसते, हेही खरं. स्क्रीनचा फोटो पाठवला, तासाभरात मंजुरी आली. माझी पत्रं महिनोन् महिने पडून असायची.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ट्विस्ट. लेव्हल-गेज ठेवून दर ३ मीटरला दोन रुळांच्या उंचीतला फरक घ्यायचा, ही क्रॉस लेव्हल. ती सगळेच घेतात. पण एका ठिकाणी डावा रूळ ६ मिलिमीटर वर आणि पुढच्या ३ मीटरवर उजवा ४ मिलिमीटर वर, तर दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले की किरकोळ वाटतात. त्यांची बेरीज १०. त्या ३ मीटरमध्ये लाईन पिळवटलीय. भरलेली वाघीण आपल्या वजनाने चाकं दाबून धरते. रिकाम्या वाघिणीचं एक चाक हलकं पडतं आणि वळणावर थेट रुळाच्या डोक्यावर चढतं. घसरलेल्या वाघिणीच्या चौकशीला गेलं की आपण हीच बेरीज-वजाबाकी करत बसतो, वाघीण पडल्यानंतर. इथे आकडा टाकला की मागच्या आकड्याशी लगेच हिशोब होतो आणि पिळाचा आकडा बाजूला उमटतो. पोरं आता माप घेता घेताच म्हणतात, 'सायेब, इथं पीळ हाये.' पूर्वी हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता.

वळणाचं मात्र जमलेलं नाही. आमचं एक वळण ५ डिग्रीचं, म्हणजे ३५० मीटर त्रिज्येचं. २० मीटरची दोरी ताणून मधोमध माप घेतलं की १४३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. ते आकडे घेऊन सॉफ्टवेअर झकास नागमोडी आलेख काढतं. पण मग कुठला स्लीपर किती आत ओढायचा आणि किती बाहेर ढकलायचा, ते सांगत नाही. ते मी अजून वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढतो, पुण्याच्या इरिसेनमध्ये, रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत, शिकवलं होतं तसं. विक्रेत्याने दाखवताना त्या आलेखावर पाच मिनिटं घालवली होती. तुमच्याकडे आला तर त्याला एवढंच विचारा, 'आता गँगला काय सांगू?'

भाषेचं प्रकरण वेगळंच. 'मराठीत उपलब्ध' असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं आणि मी त्याला भुललो. सॉफ्टवेअर मुळात अमेरिकन पद्धतीचं. तिकडे स्लीपरला टाय म्हणतात, पॉइंटला स्विच आणि रुळाला रूळ छेदतो त्या क्रॉसिंगला फ्रॉग. कुणीतरी ती यादी यंत्राच्या तोंडात घातली आणि जे बाहेर पडलं ते तसंच फोनवर चढवलं. पहिल्या सकाळी गँग फोनभोवती गोळा झालेली. यादीत प्रश्न : 'गाठी सुस्थितीत आहेत का?' पुढचा : 'बटणाची टाच घट्ट आहे का?' आणि तिसरा : 'बेडूक तपासला का?'

मुकादम गंभीर माणूस. २६ वर्षं लाईनीवर. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, 'सायेब, यात बेडूक पाहाले सांगतेत. कोठचा बेडूक?'

मागे पोरं हसून हसून गिट्टीवर बसली. दोन दिवस जो तो बेडूक शोधत होता. शेवटी मुकादम आणि मी कँटीनमध्ये बसून ११२ शब्दांची यादी केली. स्लीपर ते स्लीपर, क्रॉसिंग ते क्रॉसिंग, पॅकिंग ते पॅकिंग. लोखंडी मार्ग आणि शयनिका असले शब्द कुणी सुचवले नाहीत हे आमचं नशीब. गँग जे बोलते तेच लिहायचं, एवढाच नियम ठेवला : पँड्रोल, लायनर, रबर पॅड, टंग रेल, चेक रेल. कंपनीने ती यादी दीड महिन्याने चढवली आणि, माझ्या माहितीप्रमाणे, त्यांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही 'सुधारित मराठी' म्हणून देतात. आमचा चहाचा खर्च कुणी दिला नाही.

जीपीएसबद्दल माझी तक्रार जुनी आहे आणि कंपनीला पाठ आहे. आमच्या यार्डात तीन लाईनी शेजारी शेजारी. दोन लाईनींच्या मध्यांमधलं अंतर पाचेक मीटर. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा तेवढ्याने इकडे-तिकडे होतो, आणि कन्व्हेयरच्या छपराखाली तर विचारूच नका. कीमॅन चालतोय २ नंबरवर, नकाशात तो ३ नंबरवर. लिहिलेला दोष खरा, लाईन खोटी. एका सकाळी गँग सैल फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) शोधत ३ नंबरवर अर्धा तास फिरली. ती होती २ नंबरला. कंपनीने उपाय म्हणून क्यूआर कोडचे स्टिकर पाठवले. कोळशाच्या यार्डात स्टिकर! आठवड्यात काळे. आता आम्ही रुळाच्या पोटावर पिवळ्या रंगाने जोडांचे नंबर टाकलेत आणि फेरी सुरू करताना कीमॅन हाताने लाईन निवडतो. जीपीएस फक्त तो फिरला का, हे पाहण्यापुरता.

आणि तो फिरला का याचंही एक सांगतो.

कीमॅनच्या फोनवर ३८ प्रश्न येतात. प्रत्येकापुढे 'ठीक' आणि 'दोष'. 'ठीक' दाबायला एक बोट. 'दोष' दाबलं की फोटो काढा, प्रकार निवडा, तीव्रता निवडा, शेरा लिहा. साहजिकच फेरी संपली की पडद्यावर हिरवा गोल आणि आत '१०० टक्के'. मॅनेजर खूश. मला हिरव्या रंगाचा संशय येतो, हा पेशाचा रोग. जुने पीडब्ल्यूआय कीमॅनची परीक्षा घ्यायला आडजागी रुळाच्या पोटावर खडूने काहीतरी लिहून यायचे आणि दुसऱ्या दिवशी सहज विचारायचे. मीही एका संध्याकाळी दूरच्या टोकाला, १ नंबरच्या शेवटच्या पॉइंटजवळ खडूने चंद्र काढला. मोठा, वीतभर. सकाळी फेरी १०० टक्के. नकाशावर कीमॅनची रेघ त्या पॉइंटवरून गेलेली, वेळही बरोबर. म्हटलं, 'काही दिसलं का रे शेवटाला?' म्हणाला, 'नाही साहेब, सगळं ठीक.'

रागवायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. एका खांद्यावर हातोडा, दुसऱ्या हातात स्पॅनर, पिशवीत लाल झेंड्या, गाडीला धोक्याचा इशारा द्यायचे फटाके, सुट्या पँड्रोल (रूळ स्लीपरला धरणाऱ्या क्लिपा), पाण्याची बाटली. आणि आता छातीवर लटकवलेला फोन, जो दर शंभर पावलांना किणकिणतो. माणूस खाली रुळाकडे बघणार की फोनकडे? तिसरा हात आणि तिसरा डोळा आम्ही त्याला दिलेला नाही. कीमॅनचं खरं काम कानाचं आहे. तो जोडावर हातोडा घालतो आणि आवाजावरून ओळखतो, घट्ट आहे की पोकळ. ३८ प्रश्नांत आवाजाला जागा नव्हती.

मग मी प्रश्न ९ वर आणले. बाकीचे आठवड्याच्या तपासणीत टाकले, ती मी आणि मुकादम करतो. आणि सेटिंग धुंडाळताना एक गोष्ट सापडली, जी विक्रेत्याने दाखवलीच नव्हती : बोलून नोंद करता येते, १५ सेकंद. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. त्याच दिवसापासून फरक पडला. लिहायचं म्हटलं की ज्या पोराचे चार शब्द निघत नव्हते, तो बोलायला लागला : 'गोदामाजवळचा जोड, ठोकला त भद्द वाजते, बोल्ट घट्ट हाये पण आतून सैल वाटते.' फिशप्लेट उघडली. आतून झिजलेली, रुळाच्या टोकाला बोल्टच्या भोकापासून केसाएवढी भेग. हे कुठल्याही यादीत टिक करून सापडलं नसतं. रूळ बदलला, तो तुकडा मी कचेरीत ठेवलाय. येईल त्याला दाखवतो.

या सोयीतही मेख आहेच. महिन्याचा अहवाल काढला की बोललेल्या नोंदी त्यात येत नाहीत. फक्त एक स्पीकरचं चित्र. म्हणजे आमच्या सायडिंगवरची सगळ्यात कामाची माहिती मालकांच्या टेबलावर चित्ररूपाने पोचते. मी दर महिन्याच्या अखेरीला बसून त्या ऐकतो आणि लिहून काढतो. कष्टाचं आहे, पण खोटं बोलणार नाही, मला ते ऐकायला आवडतं.

यूएसएफडीचा, म्हणजे रुळांच्या अल्ट्रासाउंड तपासणीचा, भाग वाचताना जरा सावध राहा, कारण इथे जिवाशी गाठ आहे. रुळाच्या पोटातली भेग डोळ्याला दिसत नाही, म्हणून अल्ट्रासाउंडने तपासतात. रेल्वेच्या भाषेत ज्या भेगेवर लक्ष ठेवायचं ती ओबीएस, तिला लाल रंगाची एक फुली; जो तुकडा ताबडतोब काढायचा तो आयएमआर, त्याला तीन फुल्या. आयएमआर ३ दिवसांत बदलावा लागतो आणि तोवर जॉगल्ड (मधे फुगवटा दिलेली) फिशप्लेट लावून, क्लँप मारून गाडी सावकाश काढायची. आमच्याकडे बाहेरची पार्टी येऊन तपासणी करते आणि पीडीएफ देते. ती पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये चढवता येते, इतकंच. आत काय लिहिलंय ते त्याला कळत नाही. एका तपासणीत एका वेल्डवर आयएमआर निघाला. पीडीएफ चढली, पडद्यावर 'यूएसएफडी पूर्ण' म्हणून हिरवी खूण. तपासणाऱ्या माणसाने स्वतःहून मला फोन केला म्हणून कळलं. रात्रीच क्लँप लावला, दुसऱ्या दिवशी तुकडा कापून नवं वेल्ड. त्या रात्री मी सॉफ्टवेअरला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता आम्ही प्रत्येक फुली हाताने वेगळी टाकतो, आयएमआरला ३ दिवसांची मुदत लावतो आणि मुदत संपेपर्यंत रोज सकाळी ६ वाजता मला, मुकादमांना आणि मॅनेजरना मेसेज जातो. मेसेजची सोय चोख आहे. पण ती लावावी लागते, आपोआप नाही.

उन्हाळा. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. हवा ४६-४७ वर, रूळ ६० च्या पुढे. १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर ६ मिलिमीटर वाढतो, म्हणून जोडातली फट बघायचे हेच दिवस. आणि नेमके याच दिवसांत फोन 'गरम झाला' म्हणून मान टाकायचे. साडेदहानंतर पडदा उन्हात दिसायचा नाही. एका पोराने फोन ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. तो दोष सॉफ्टवेअरचा नाही, पण विकत घेताना स्वस्तातले फोन घेऊ नका.

सॉफ्टवेअरचा दोष पुढचा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अपडेट आला. आमच्याकडे यार्डाच्या टोकाला नेटवर्क नसतं, नोंदी फोनमध्येच साठतात आणि कचेरीजवळ आल्यावर वर जातात. दोन फोन तीन दिवस वर गेलेले नव्हते. अपडेटने ते पुसले. तीन दिवसांची फटींची मापं, दोन फोनांवरची, गेली. मदत केंद्राला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड इंग्रजीत म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली आहे. दुसऱ्या दिवशी मेल : तक्रार निकाली. काय निकाली? मी परत उघडली, त्यांनी परत बंद केली. चौथ्यांदा थेट विक्रेत्याला पकडला, तेव्हा तो म्हणाला, 'काका, तो डेटा आता येणार नाही.' निदान खरं बोलला. मापं परत घेतली. तेव्हापासून मुकादमांनी जाड पुठ्ठ्याची वही पुन्हा खिशात घातलीय आणि मी काही बोललेलो नाही.

सुटे भाग मोजायचा विभाग ठीक आहे. पँड्रोल, लायनर, फिशबोल्ट किती उरले ते कळतं. त्याबद्दल अधिक काही नाही.

कुणी घ्यावं? तुमची सायडिंग तीन-चार किलोमीटरची, पॉइंट चार-पाच, गँग ओळखीची असेल तर वही आणि एक्सेल पुरे. फक्त एक्सेलमध्ये पहिला रकाना तारखेचा न ठेवता किलोमीटरचा ठेवा, सगळ्यात मोठा फायदा फुकटात मिळेल. दहा किलोमीटरच्या वर, दोन-तीन पाळ्या, माणसं बदलती असतील तर घ्या. पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. करार संपला तर तुमच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतील का; आम्हाला आता कळतंय की फक्त पीडीएफ मिळते, म्हणजे ११ महिन्यांची 'ठिकाणानुसार' माहिती त्यांच्याच घरात राहणार. अपडेट कधी येणार हे आधी कळवतील का. आणि मराठी कुणी केलीय, त्या माणसाचं बोलणं करून द्या. शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा काय करतो ते बघा.

नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. ठेकेदाराने माझं मत विचारलं, मी 'घ्या, पण एक्सेलचं कलम घालून' असं सांगितलंय. साडेतीन तारे त्यासाठीच. चार देणार होतो.

परवा रात्री पुन्हा अपडेट आला. सकाळी सव्वासहाला फोन किणकिणला, मुकादमांची बोललेली नोंद. मागे पावसाचा आवाज, ते मात्र नेहमीसारखेच गंभीर : 'सायेब, बेडूक परत आला. पावसाळा हाये ना.'